‘आम्ही कळवतो’

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला होता ‘आयटी क्षेत्रातील संधी’. तो मी बदलून घेतला. संधी कुठे आहेत ते मोबाईल माझ्यापेक्षा चांगलं सांगतो. आपल्या बॅचच्या ग्रुपवर मात्र गेले वर्षभर दुसरंच काहीतरी चाललंय. एकानं विचारलं, पोरीला पुण्याच्या कंपनीनं मुलाखतीला बोलावलंय, काय विचारत्यात? दुसऱ्यानं लिहिलं, पोराच्या तीन फेऱ्या झाल्या, सगळं चांगलं झालं म्हणतो, पण दीड महिना झाला, काही कळवलंच नाही. तिसऱ्यानं तर पेढे वाटलेले फोटो टाकले होते, आणि आता तो त्या विषयावर काही बोलतच नाही. म्हणून मी ठरवलं की मुलाखतीवरच बोलायचं. टेबलाच्या अलीकडे मी बसलेली आहे आणि आता पलीकडेही बसते. दोन्हीकडचं सांगते.

आपल्या लहानपणी गावात मुलाखत हा शब्द फारसा कुणी वापरत नव्हतं. कारखान्यावर लागला, सोसायटीत चिकटला, एसटीत भरती झाला, असं म्हणायचे. कुणाच्या तरी शब्दावर माणूस लागायचा, आणि शब्द टाकणारा माणूस कोण ते सगळ्यांना ठाऊक असायचं. नाही लागला तर का नाही तेही ठाऊक असायचं. पारावर त्याची चर्चा व्हायची. पुढे बारामतीच्या एमआयडीसीत मोठ्या कंपन्या आल्या, पियाजिओ आली, तेव्हा आपल्यातली काही जणं पहिल्यांदा इस्त्रीचा शर्ट घालून फाईल घेऊन गेली. त्या फायलीत काय काय असायचं! दहावीचं मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, एनसीसीचं प्रमाणपत्र, तालुका पातळीवरच्या खो-खोचं प्रमाणपत्र. माझ्या फायलीत विज्ञान प्रदर्शनाचंसुद्धा होतं. ते कुणीही कधी उघडून बघितलं नाही.

तर २००३ साल. माझं इंजिनिअरिंग संपलं. जूनमध्ये परीक्षा झाली, हॉस्टेल सोडावं लागलं, सामान घेऊन मी गावी आले. तेव्हा कंपन्यांची परिस्थिती बेताची होती. अमेरिकेतला डॉट-कॉमचा फुगा फुटून दोन-तीन वर्षं झाली होती आणि त्याचा धक्का पुण्यातल्या नोकऱ्यांना लागलेला होता. आमच्या कॉलेजात कॅम्पसला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कंपन्या आल्या. मी बाहेरून अर्ज करत होते. जुलैत एका कंपनीचं बोलावणं आलं. तिचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही.

पहाटेच्या एसटीनं स्वारगेट, तिथून रिक्षा. चुलतबहिणीचा पंजाबी ड्रेस, मैत्रिणीच्या चपला, अर्धा नंबर लहान. लेखी परीक्षेत कोडी होती. आमच्या वेळी सगळी मुलं शकुंतला देवींचं कोड्यांचं पुस्तक झेरॉक्स करून पाठ करायची, मीही केलं होतं. त्यात पास झाले. मग गटचर्चा. विषय काय होता ते आज आठवत नाही. आठ मुलं एकदम बोलत होती आणि मला मध्ये शिरायला जागाच सापडेना, हे मात्र आठवतं. तरी त्यांनी पुढे घेतलं. तांत्रिक फेरी बरी गेली. शेवटी एका खोलीत तिघे जण बसले होते. मधल्या बाई हसून म्हणाल्या, स्वतःबद्दल सांगा. अर्थात इंग्रजीत.

मी इंग्रजीतून इंजिनिअर झाले होते. पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजी. पण स्वतःबद्दल मी आयुष्यात कधीही इंग्रजीत बोलले नव्हते. घरात आपण स्वतःबद्दल मराठीतसुद्धा कुठे बोलतो? नाव सांगितलं, गाव सांगितलं, वडील शेतकरी म्हणाले, आणि थांबले. त्या बाई वाट बघत राहिल्या. घड्याळाचा आवाज येत होता. मग त्यांनी फायलीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, ठीक आहे, आम्ही कळवतो.

फॉर्मवर फोन नंबराचा रकाना होता. आमच्या घरी फोन नव्हता, नोंदणी करून ठेवली होती. मी फाट्यावरच्या पीसीओचा नंबर लिहिला होता. ते पिवळं खोकं आठवतंय ना सगळ्यांना? तिथल्या काकांना सांगून ठेवलं की पुण्याहून फोन येईल, पोरगं पाठवा घरी. रोज संध्याकाळी मी काहीतरी निमित्त काढून फाट्यावर जायचे. साबण, माचिस, कधी नुसतीच. काका लांबूनच मान हलवायचे. पहिला आठवडा ते म्हणायचे, येईल गं. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, लाईन बंद होती परवा दुपारी, तवा आला असंल. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विषय काढणं बंद केलं. मी दिसले की उगाच गिऱ्हाईकाकडे वळायचे. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

घरी दादा रोज विचारायचे, “काय म्हणली कंपनी?” मी म्हणायचे, “कळवते म्हणाली.” दादांना ते पटायचं. माणसानं कळवतो म्हटल्यावर तो कळवणार, असा त्यांचा हिशोब. एकदा म्हणाले, “मोठी माणसं हायेत, काम आसतील त्यांना.” महिन्यानं त्यांनीही विचारायचं सोडलं. आणि मी मनात पक्कं करून टाकलं की मला इंग्रजी येत नाही, म्हणजे मला काहीच येत नाही. कुणी तसं म्हटलं नव्हतं. कुणी काहीच म्हटलं नव्हतं. त्या गप्प बसण्यात मला जे भरायचं होतं ते मी भरलं.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे, तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलेली असेल. १९७४ साली सुधा मूर्ती, तेव्हाच्या सुधा कुलकर्णी, बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकत होत्या. टेल्कोची जाहिरात लागली. पुण्याच्या कारखान्यासाठी हुशार तरुण इंजिनिअर हवेत, आणि खाली एक ओळ, स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये. त्यांनी संतापून थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं. दहा दिवसांच्या आत तार आली, पुण्याला मुलाखतीला या, जाण्यायेण्याचा खर्च कंपनीचा. मैत्रिणींनी पुण्याहून साड्या आणायला पैसे गोळा करून दिले, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. मुलाखत घेणाऱ्यांना माहीत होतं की हीच ती पत्र लिहिणारी मुलगी. तांत्रिक प्रश्न विचारले, मग बाई का नकोत त्याचं कारण सांगितलं, तिचं म्हणणं ऐकलं, आणि तिला घेतलं. त्या कारखान्याच्या शॉप फ्लोअरवरच्या त्या पहिल्या महिला इंजिनिअर.

ही गोष्ट सांगताना लोक धाडसावर बोलतात. ते आहेच. पण मला त्यातली तार महत्त्वाची वाटते. एका विद्यार्थिनीचं पंधरा पैशांचं म्हणा, जे काय असेल ते पोस्टकार्ड, आणि त्याला उत्तर आलं. तिला पत्र पाठवायला पत्ता होता. जाहिरात चुकीची होती, अन्यायाची होती, तरी तिच्या पलीकडे एक माणूस होता ज्याला विचारता येत होतं. आज आपल्या मुलांना जी ईमेल येते तिच्या पत्त्यातच लिहिलेलं असतं, ‘नो-रिप्लाय’. म्हणजे उत्तर देऊ नका. रागावून पोस्टकार्ड टाकायचं म्हटलं तर कुठे टाकणार?

असो. माझं पुढे काय झालं ते सांगते. सप्टेंबरमध्ये कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत एका बंगल्यात चालणाऱ्या छोट्या कंपनीत गेले. चार खोल्या, अकरा माणसं. तिथल्या साहेबांनी कोरा कागद आणि पेन्सिल पुढे केली. म्हणाले, आकड्यांची मोठी यादी आहे, त्यात एक आकडा दोनदा आलाय, तो शोधायचा, कसा शोधाल? मी इंग्रजीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला अडकले. ते म्हणाले, “मराठीत सांगा. मला प्रोग्रॅम कळला पाहिजे.”

मग मी सांगितलं. म्हटलं, सर, आमच्याकडे उसाची गाडी वजनकाट्यावर जाते, पावती मिळते. एकाच नंबरची पावती दोनदा आली की घोळ. तो पकडायला प्रत्येक पावती आधीच्या सगळ्या पावत्यांशी ताडून बघत बसलो तर रात्र जाईल. त्यापेक्षा एक वही करायची, सगळे नंबर आधीच छापलेले, पावती आली की त्या नंबरावर टिक करायची. ज्याच्यावर आधीच टिक आहे तो चोर. साहेब हसले. म्हणाले, हेच आता सी-मध्ये लिहा. लिहिलं. त्यांनी तिथेच सांगितलं, एक तारखेपासून या, साडेसात हजार देऊ. मी जिन्यातून उतरले तेव्हा पायातल्या चपला चावत होत्या हेही मला कळलं नाही. फाट्यावर उतरून आधी पीसीओच्या काकांना सांगितलं, मग घरी गेले.

मुलाखत घेणारा तोच विषय, तीच मुलगी, तेच इंग्रजी. दोन महिन्यांत माझ्या ज्ञानात काही भर पडली नव्हती.

आता टेबलाच्या पलीकडचं. २०११ पासून मी मुलाखती घेते. किती घेतल्या मोजलं नाही, चारशेच्या वर असतील. आत काय चालतं ते सांगते, कारण बाहेर त्याबद्दल फार गूढ समज आहेत. एखादी जागा निघते, बायोडाटे येतात. एवढे येतात की माणसानं वाचणं शक्य नसतं. आधी सॉफ्टवेअर चाळणी लावतं, त्यात जाहिरातीतले शब्द आहेत का ते बघतं. मग एचआरमधली एखादी मुलगी, बहुतेक वेळा तुमच्याच मुलांच्या वयाची, फोन करते. मग ऑनलाइन परीक्षा. मग आमच्यासारखे लोक. आमच्यापुढे एक फॉर्म असतो. तांत्रिक ज्ञान, विचार करण्याची पद्धत, कम्युनिकेशन, संघात बसेल का, प्रत्येकाला पाचपैकी गुण. शेवटी एकच रकाना, घ्यावे की नको. तो फॉर्म आम्ही दोन मीटिंगांच्या मधल्या दहा मिनिटांत भरतो. चहा पीत भरतो. ज्या कागदावर कुणाचं तरी वर्ष अडकलेलं असतं तो असा भरला जातो, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं.

आणि उत्तर का येत नाही? बऱ्याच वेळा त्यात उमेदवाराचा काही संबंधच नसतो. ज्या प्रोजेक्टसाठी जागा काढली ते परदेशी गिऱ्हाईकानं पुढे ढकललं, म्हणून जागा गोठवली. किंवा पहिल्या नंबरच्या मुलाला पत्र दिलंय, तो नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड संपवून येतो की नाही याची वाट बघायची, तोवर दुसऱ्या नंबरच्या मुलाला ‘नाही’ म्हणायचं नाही, ‘हो’ही म्हणायचं नाही. त्याला लटकवून ठेवायचं. किंवा कायदा विभागाचं म्हणणं असतं की कारण लेखी दिलं तर उद्या भांडण होईल, म्हणून काही लिहूच नका. किंवा ज्या एचआरवालीनं फोन केला होता तिनेच नोकरी बदलली. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. २००३ मध्ये मला यातलं एक जरी माहीत असतं तरी त्या पीसीओच्या वाटेवर मी स्वतःला एवढं खाल्लं नसतं.

आता जे सांगणार आहे ते इथे सांगावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. सांगते.

२०१६ सालची गोष्ट. मुलाखतीला एक मुलगा आला, इंदापूर तालुक्यातला. आधी डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला प्रवेश. मी प्रश्न दिला. त्यानं तो सोडवला, आणि चांगला सोडवला. मी ज्या रीतीची अपेक्षा केली होती तिच्यापेक्षा सोपी रीत त्यानं काढली. पण समजावून सांगताना टेबलाकडे बघत होता, इंग्रजी तुटक, ‘अॅक्च्युअली’ शब्द प्रत्येक वाक्यात. माझ्याशेजारी आमचे दिल्लीचे एक सहकारी बसले होते. मी त्याला एक वाक्यही मराठीत विचारलं नाही. त्याच्या बोलण्यात आपल्याकडचा हेल होता, मला पहिल्या मिनिटाला ओळखू आला. आणि मला भीती वाटली की मी मराठीत तोंड उघडलं तर माझाही तोच हेल बाहेर येईल. तेरा वर्षांत मी तो घासून घासून गुळगुळीत केला होता. फॉर्मवर मी लिहिलं, कम्युनिकेशन दोन. शेरा, क्लायंटसमोर उभा करता येणार नाही. खाली, नको.

त्याला कंपनीनं काय कळवलं ते मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

हे मला चार वर्षांनी, लॉकडाऊनमध्ये आठवलं. घरून काम चालू होतं, जुन्या फायली आवरताना माझे फॉर्म सापडले. रात्री बसून ते वाचले. उत्तर बरोबर आहे असं मीच लिहिलंय आणि तरी ‘नको’ म्हटलंय, असे काही वेगळे काढले. त्यातले बहुतेक जण बारामती, इंदापूर, करमाळा, आष्टी अशा भागांतून आलेले. पुण्यामुंबईच्या शाळेतला एखादाच. बाहेरच्या कुणी हे केलं असतं तर मी भाषण ठोकलं असतं. हस्ताक्षर माझंच होतं.

मी त्या मुलाला शोधून काढलं, लिंक्डइनवर सापडला. मोठा मेसेज लिहिला, तीनदा खोडला, शेवटी चार ओळी पाठवल्या, की तुमचं उत्तर बरोबर होतं, निर्णय चुकीचा होता, आणि तो माझा होता. तीन दिवसांनी उत्तर आलं. “ओके मॅडम. आता मी सेटल आहे. त्या वेळी कळवलं असतं तर बरं झालं असतं, मी चार महिने दुसरीकडे अर्ज केला नव्हता.” एवढंच. चार महिने. त्याला कुणीतरी ‘आम्ही कळवतो’ म्हटलं होतं आणि तो माझ्या दादांसारखाच विश्वास ठेवून बसला होता.

यावर जगात विचार झालेला नाही असं नाही. गुगलचे त्या वेळचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला स्पष्ट सांगितलं की आम्ही आमच्या हजारो मुलाखती तपासल्या, मुलाखत घेणाऱ्यानं दिलेले गुण आणि पुढे त्या माणसानं केलेलं काम यांचा मेळ सापडला नाही. कोडी घालणं हा तर निव्वळ वेळेचा अपव्यय, त्यानं विचारणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटतं, बाकी काही नाही. आमची शकुंतला देवींची झेरॉक्स आठवली मला. ते असंही म्हणाले की सगळ्यांना सारखेच प्रश्न, आधी ठरवलेल्या मापानं गुण, असं केलं तर उपयोग होतो. आणि माणसाऐवजी यंत्र बसवलं की पक्षपात जाईल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी दुसरी गोष्ट. अॅमेझॉननं बायोडाटे निवडणारं सॉफ्टवेअर बनवायला घेतलं होतं. जुन्या दहा वर्षांच्या अर्जांवर त्याला शिकवलं. ते अर्ज बहुतेक पुरुषांचे, म्हणून ते बायकांचे अर्ज मागे टाकायला शिकलं. शेवटी ते गुंडाळावं लागलं, २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली. यंत्र आमचेच फॉर्म वाचून शिकतं ना, दुसरं काय होणार?

माझ्या टीमपुरतं मी थोडं बदललं. प्रश्न आधी ठरतात, सगळ्यांना तेच. दोघांनी एकमेकांशी बोलायच्या आधी आपापले गुण लिहायचे. पहिली दहा मिनिटं उमेदवाराला ज्या भाषेत बोलायचंय त्या भाषेत, मराठी, हिंदी, काहीही, आणि आमच्यातल्या कुणाला ती येत असेल तर आम्हीही त्याच भाषेत. आणि पंधरा दिवसांच्या आत प्रत्येकाला हो किंवा नाही. या शेवटच्या मुद्द्याला कंपनीत सगळ्यात जास्त विरोध झाला. प्रोसेसमध्ये बसत नाही म्हणाले. एचआरनं अजूनही ते पूर्ण मान्य केलेलं नाही, म्हणून मी स्वतः फोन करते. ‘नाही’ सांगायचे फोन करायला मला आवडत नाहीत. कधीकधी पुढं ढकलते. चौदाव्या दिवशी रात्री करते. पण करते.

इंग्रजी नको असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको. कामात रोज लागतं. पण ते सहा महिन्यांत येतं, मला आलं. वहीवर टिक करायची युक्ती सुचणं सहा महिन्यांत येत नाही.

आता पेढ्यांच्या फोटोंबद्दल. ऑफर लेटर म्हणजे नोकरी असं आपण समजतो. आपल्या एका मैत्रिणीच्या मुलीला कॉलेजात असतानाच पत्र मिळालं. गावभर पेढे झाले, शाळेनं सत्कार केला. रुजू व्हायची तारीख आली नाही. सहा महिने, वर्ष. दर महिन्याला ईमेल, ‘धीर धरल्याबद्दल आभार’. घरात लग्नाचं बघायला आलेले विचारायचे, मुलगी काय करते? काय सांगणार? ती एकटी नाही. इन्फोसिसनं २०२२ च्या बॅचच्या सुमारे दोन हजार मुलांची रुजू होण्याची तारीख लांबवल्याची तक्रार पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे केली. कंपनीनं सांगितलं की दिलेला शब्द पाळू, आणि त्या वर्षी सप्टेंबरात मुलांना तारखा मिळायला लागल्या. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून तीनशेहून जास्त प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षा पास झाले नाहीत म्हणून घरी पाठवलं. कंपनीचं म्हणणं, तीन संधी दिल्या होत्या. मुलांचं म्हणणं वेगळं होतं. कोण बरोबर ते मी इथून ठरवणार नाही. ज्या कंपनीची मुळं १९८१ च्या पुण्यात आहेत आणि जिच्या घरात ती पोस्टकार्डाची गोष्ट घडली, तिच्या दारातही मुलं अशी ताटकळली, एवढंच मला बोचतं.

म्हणून आईवडिलांना सांगते, पत्र आलं की पेढे जरूर वाटा, पण मुलाला दुसरीकडे अर्ज करणं थांबवू देऊ नका. पहिला पगार खात्यात पडेपर्यंत दोन ठिकाणी तरी बोलणं चालू ठेवायचं. ही गद्दारी नाही, कंपन्याही आपल्याशी तसंच वागतात. आणि मुलाखतीसाठी, लॅपटॉपसाठी, ट्रेनिंगसाठी कुणी डिपॉझिट मागितलं की तिथून उठायचं. आपल्या ग्रुपवरच्या दोघांचे पैसे असे गेलेत, ते लाजेनं सांगत नाहीत.

मुलांनो, तुम्हाला थोडक्यात. मुलाखतीच्या शेवटी ‘काही विचारायचंय का’ असं म्हणतात तेव्हा आपण ‘नो सर’ म्हणतो. तिथे विचारा, कधीपर्यंत कळवाल, आणि कुणाला विचारू? नाव आणि तारीख वहीत लिहून घ्या. त्या तारखेनंतर दोन दिवसांनी एक ईमेल करा, एकच. त्यालाही उत्तर नाही आलं तर ती जागा गेली समजा आणि पुढे चला. आपण कुठे चुकलो याचा शोध घेत बसू नका, तुम्हाला तो इथून लागणार नाही. येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणा, आम्हाला लगेच कळतं. आणि हल्ली कॅमेऱ्यासमोर मुलाखत देताना बाजूला एआय उघडून उत्तर वाचतात, तेही कळतं. डोळे डावीकडून उजवीकडे जातात.

सर, तुम्ही आम्हाला फळ्यापुढे उभं करून गणित मोठ्यानं बोलत सोडवायला लावायचात. तेव्हा आम्ही तुम्हाला काय काय म्हणायचो ते आज सांगत नाही. पण मी आज उमेदवारांना नेमकं तेच करायला सांगते. या शाळेतल्या मुलांना ते अजून करायला लावत असाल तर मराठीत करा, मग तेच इंग्रजीत. दोन्ही.

दादा दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत त्यांना वाटायचं की त्या पहिल्या कंपनीचा फोन लाईन बंद असताना आला असणार. मी कधी नाही म्हटलं नाही.

जेवण झाल्यावर मी दहावी ‘अ’च्या वर्गात बसणार आहे, चार वाजेपर्यंत. ज्यांना खोटी खोटी मुलाखत द्यायचीय त्यांनी या. बायोडाटा मोबाईलवर असला तरी चालेल, प्रमाणपत्रांची फाईल आणू नका. माझ्याबरोबर आपल्या बॅचमधले दोघे आहेत, एक बँकेत आहे आणि एक एमआयडीसीत माणसं घेतो. आम्ही मराठीत सुरू करू. प्रत्येकाला तिथेच सांगू, कुठे बरं झालं आणि कुठे नाही. जे आज येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी नंबर फळ्यावर लिहून ठेवते. फोन केलात आणि मी मीटिंगमध्ये असले तर उचलणार नाही, पण रात्री नऊनंतर मी परत करेन.

पहिला कोण येणार ते मागच्या बाकावर आत्ताच ठरवून टाका. आमच्या वेळी तिथे ढकलाढकलीतच तास संपायचा.